डावा अधिक उजवा

तीन आठवडे त्या एकाच क्लिपवर बसलो होतो.
दोन लग्नं आणि एक बारसं थांबवून.
अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, अठरा माग,
मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्चीवर मल्लेशम यल्दी,
बेचाळीस वर्षं जॉबर,
मे महिना, वर पत्रा.
माइक दोन. एक त्यांच्या डाव्या अंगाला, एक उजव्या.

हेडफोनमध्ये सगळं ऐसपैस होतं.
माग या कानातून त्या कानात चालत जायचे.
म्हाताऱ्याचा आवाज तेवढा
आपल्याच टाळूमागून कुणी बोलावं तसा यायचा.
म्हटलं, शेड घुमत असेल.

त्यांच्या मुलीला फाइल पाठवली.
पद्मजाचा फोन जुना, एकाच भोकातून बोलणारा.
रात्री तिचा कॉल :
"दादा, मागच वाजतंय की ओ नुसतं. नायना कुठायत?"

ओठ हलत होते.
हात हवेत धागा जोडून दाखवत होते.
आवाज नव्हता.

आधी फोनला शिव्या दिल्या.
मग फाइल पुन्हा काढली, दुसऱ्या फॉरमॅटात, तिसऱ्या.
आवाज वाढवला तर माग वाढले.
उजवी पट्टी अर्धी फ्रेम सरकवली, मग पाव :
मल्लेशम आले, पण पत्र्याच्या डब्यात बसून.
नुसती डावी ऐकली, माणूस हजर.
नुसती उजवी ऐकली, माणूस हजर.
दोन्ही एकत्र केल्या की गैरहजर.

शूटच्या सुरुवातीला वाजवलेली टाळी शोधली.
ती मोठी करत गेलो, स्क्रीनभर.
डावीकडे तिचं पहिलं टोक वर.
उजवीकडे, त्याच क्षणी, तेवढंच, खाली.
अधिक एक, उणे एक.

लाल केबल लकी चौकात मौलालीकडे नेली.
त्यानं टोपण उघडलं, चष्मा कपाळावर सारला.
"दोन नंबरची तार तीनला जोडलीय बे. कुणी केलं?"
मीच केलं होतं.
तीन वर्षांपूर्वी, लाइट जायच्या घाईत.

तीन वर्षं म्हणजे किती मंगलाष्टकं, ते मी मोजलं नाही.
कुणी तक्रारही केली नव्हती.

औषध सोपं निघालं : शून्यावर तिरकी रेघ असलेलं एक बटण.
दाबलं, उजवी लाट उलटी झाली,
आणि मल्लेशम नेमके मधोमध येऊन बसले.

झोप मात्र लागेना.
दोन कान ज्याच्यावर एकमत होते तेवढंच पुसलं गेलं होतं.
ज्याच्यावर जुळत नव्हतं, तो खडखडाट
पूर्णच्या पूर्ण उरला होता.

दुसऱ्या दिवशी विडी घरकुलला गेलो.
पद्मजानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली.
कागदावर दोन लाटा काढून त्यांना समजावलं,
एक वर, एक खाली, बेरीज शून्य.
मोठ्यानं सांगावं लागलं, बेचाळीस वर्षांत कान गेलेत.
ते कागदाकडे बघत हसले.
"आमच्यात तर एक वई वर, एक खाली, तेव्हाच कापड.
दोन्ही एकदम वर गेल्या तर धोटा कुठनं जाणार?"

यावर माझ्याकडे बटण नव्हतं.

मग फोन कानाला लावून त्यांनी स्वतःला ऐकलं.
ऐकलं की नाही, माहीत नाही.
चेहऱ्यावर काही हललं नाही.
पद्मजा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, मीही.
शेवटी फोन खाली ठेवून ते म्हणाले,
"चार नंबरचा पट्टा ढिला आहे.
मालकाला सांगा."

घरी येऊन पुन्हा हेडफोन लावले.
आहे.
डावीकडे, दर सातव्या ठोक्याला,
किंचित उशीर.