एकोणिसावी वाटी

केकीशेठ कॅलेंडरचं पान घेऊन आला, कोपरे तेलकट.
मे महिन्याच्या डोक्यावर नऊ चकचकीत गोळे,
नळ्यांनी एकमेकांना धरून
एका पायावर उभे.
"आत्माराम, असलंच पाहिजे. फक्त लहान."
"हे काय, देऊळ?" बाबांनी विचारलं.
"ब्रसेल्स," शेठ म्हणाला. "फ्युचर."
आणि ॲडव्हान्स मोजायला अंगठा ओला केला.

फ्युचर दारूखान्यात येत नसे.
तिथे यायच्या म्हाताऱ्या बोटी.
त्यांचे दरवाजे, भोंगे, संडासाची भांडी,
कप्तानाच्या केबिनमधला आरसासुद्धा
किलोच्या भावाने जायचा.

पत्रा कापला. वाट्या ठोकल्या.
दोन वाट्यांचा एक गोळा, अशा अठरा.
एक वाटी ठोकताना चिरली,
म्हणून एकोणीस.
कॉलेजातून आलं की मी बफिंगच्या चाकाला
हिरवा साबण लावायचो.
महिनाभर शेंबूडही हिरवा यायचा.
आई म्हणायची, हे कसलं रे बाबा तुमचं फ्युचर.

एकदा मोबाइलवर वाचून बाबांना सांगितलं:
ते लोखंडच आहे.
लोखंडाचा सगळ्यात लहान घर-संसार,
एकशे पासष्ट अब्ज पट मोठा करून
भर रस्त्यात उभा केलेला.
बाबांनी काळी काच कपाळावर सरकवली.
कॅलेंडरकडे पाहिलं, मग हातातल्या सळईकडे.
"चाळीस वर्षं कापतोय," म्हणाले,
"आत एवढी मोकळी जागा असते?"
आणि जरा थांबून,
"मग एवढं जड का लागतं?"
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो मी.
मला सांगता आलं नाही.

गोळे ट्रकवर चढले, गोधडीत गुंडाळून,
खाडीपलीकडच्या नव्या बागेत गेले.
शेठने शेवटचा हप्ता तीनदा पुढे ढकलला
आणि चौथ्यांदा अर्धा दिला.

आम्ही गेलो दोन वर्षांनी.
आईने लग्नकार्यातली साडी काढली होती.
माणशी एकशेवीस रुपये.
खिडकीत सांगू या का, मी विचारलं.
"काय सांगणार?" म्हणत बाबांनी
सुट्टे वीस-वीस करून पैसे दिले.

आयफेल टॉवरच्या पायथ्याशी पॉपकॉर्न,
पुढे कलता मनोरा,
आणि त्याच्यामागे ते.
उन्हात डोळे दिपवत.
एक मुलगी फोनवर कुणाला सांगत होती,
"अगं मी ब्रसेल्सला आलेय," आणि हसत होती.
आई एका गोळ्यासमोर गेली
तर तिचं नाक मोठं झालं, साडी लहान,
मागे सगळी बाग उकडलेल्या अंड्यासारखी वाकली.
पदर सारखा करून तिने विचारलं,
"आपली वाटी ह्यांतलीच ना?"
ह्यांतलीच.
चीर सांधलेली, पॉलिश न केलेली.
तिच्यात आई बोंबील धुते.

बाबा कुठे दिसेनात.
खालच्या गोळ्याखाली उकिडवे बसले होते,
हात वर घालून, डोळे मिटून.
तिथे बोटभर शिवण त्यांनी घासलीच नव्हती.
कुणाला दिसणार नाही म्हणून,
की मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही.
शिट्टी वाजली.
"काका, हात नाही लावायचा. डाग पडतात."
"बरोबर आहे," बाबा म्हणाले.
खिशातून रुमाल काढला,
त्यावर हाः केलं
आणि आपल्याच बोटांचे ठसे
लहान लहान गोल करत पुसले,
चाकावर पुसायचे तसे.
गार्ड बघत राहिला. दुसरी शिट्टी वाजवली नाही.

परतीच्या बसमध्ये आई झोपली.
"खऱ्याच्या आत जाता येतं म्हणे?"
हो, मी म्हटलं. लिफ्ट आहे.
सगळ्यात वरच्या गोळ्यात हॉटेल.
तिथून आख्खं शहर दिसतं.
बाबांनी मान हलवली.
दोन स्टॉप गेले.
बाहेर पुलाचं काम चालू होतं,
ठिणग्या पडत होत्या, ते त्यांनी पाहून घेतलं.
मग म्हणाले,
"आपल्या पाचव्यात
माझा खडू राहिलाय."