खापर

दुकानातल्या पोरानं फोटो मोठा करून पाहिला,
मग म्हणाला, बाई, हे तेल नाही.
तेल काळं पडतं, काठाशी पसरतं.
हा तांबूस आहे. हे लोखंड.

कोस्त्युकांचा नातू. आजोबांसारखाच
काउंटरवर कोपर टेकून निकाल देतो.

मी तीन दिवस घालवले होते, रेइनो.
मांजराची रेती पसरून टाचेनं चोळली,
धुण्याचा सोडा, भांड्यांचा साबण, उकळतं पाणी,
गुडघ्यांखाली सॉनातला तुझा टॉवेल घडी करून.
डाग ढिम्म हलला नाही.
आणि दर घासणीला मी तुला बोलत होते,
सवयीनं, दातओठ खात,
तू शेडमध्ये पान्हे वाजवत असायचास तेव्हा बोलायचे तशी.

तेवीस वर्षं तो डाग तुझ्या नावावर मांडला.
थंडर बेला मे उजाडतो, बर्फ खचतो,
पहिलं दिसायचं ते हेच:
पायरीशेजारी ताटाएवढं, कडेला नारिंगी.
स्वयंपाकघरातूनच ओरडायचे,
तुझी ती मोटरसायकल!

तू काही बोलायचा नाहीस.
एका वर्षी तिच्याखाली पुठ्ठा अंथरलास.
पुढच्या वर्षी पत्र्याचा ट्रे.
मग गाडीच शेडमध्ये नेऊन ठेवलीस,
आणि डाग वाढतच राहिला,
आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पिवळे हातमोजे. कोमट पाण्यात आम्लाची पूड.
तारेचा ब्रश नको, पोरगा म्हणाला होता,
तारेचे कण अडकून राहतात, तेच पुढे गंजतात.
ओता, आणि दहा मिनिटं थांबा.
घड्याळ बघत पायरीवर बसले.
काळ्या माश्या कानामागे चावत होत्या.
चौथ्या मिनिटाला डाग हिरवट झाला,
सातव्याला फिकट,
दहाव्याला पाइप सोडला तर
गवताच्या दिशेनं निघून गेला, सहज.

मागे तीन टिंबं राहिली, नखाएवढी,
त्रिकोणात.
तीन पाय.
हेल्वीनं दिलेल्या जिरेनियमची मातीची कुंडी,
तिच्याखालची लोखंडी तिवई.
मीच आणलेली. मीच रोज संध्याकाळी
पाणी घालायचे, उतू जाईपर्यंत.

खापर फोडायला डोकं लागतं,
ते तुझं होतं, आयतं.
खापर माझ्या कुंडीचं.

आता घोटाळा असा की तेवढीच जागा उजळ.
बाकी सगळीकडे फावड्याचे ओरखडे,
ओढलेल्या खुर्च्यांच्या रेघा,
बर्चच्या कुजक्या पानांचे ठसे, शेगडीची चरबी,
आणि मधोमध स्वच्छ वाटोळं,
लांबून डागच वाटावा असं.
म्हणून अख्खं अंगण काढलं धुवायला.
भाड्याचं यंत्र, कानात बोळे,
धार जमिनीपासून वीतभर वर धरायची,
खाली नेली तर काँक्रीट सोलतं.
एका ठिकाणी नेली मी. रागानं.
कोणावरच्या, ते विचारू नकोस.

तिथून सरोवराकाठचे गोटे वर आले,
एक्क्याऐंशी साली बादल्या भरून आणलेले तू,
सिमेंट वाचेल म्हणून.
लाल, करडे, एक जवळजवळ निळा.

ओरखड्यांवर पातळ लेप दिला,
थापीनं, तुझ्यापेक्षा वाईट.
गोट्यांची जागा अजून उघडीच आहे.
वरून चकाकीचा हात उद्या, पाऊस नसला तर.

मी हेल्वीकडे सडबरीला गेले की
कुंडीला पाणी तूच घालायचास.
तिवई उचलून कधी खाली पाहिलं असशील?

आज शेडमध्ये गेले,
तिच्या पायांना रबरी टोप्या मिळतात का बघायला.
पान्ह्यांच्या खणात, अगदी मागे, एक पाकीट होतं.
चार टोप्या,
वर थोरल्या कोस्त्युकच्या अक्षरात किंमत.
तू ते फोडलं नव्हतंस.