स्मरणिकेसाठी मजकूर

वामनराव ढकाते म्हणाले, चार पानं पुरेत,
उरकुडाजींची शंभरी, फोटो मधल्या पानावर,
तुम्ही प्रेसात होत्या, शुद्धलेखन पक्कं तुमचं.
छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या,
स्वतःचं एक वाक्य नाही.
हो म्हटलं.

वाठोड्याच्या हॉलात आता संगमरवर लागला आहे.
तिथे हार घालून बसलेत उरकुडाजी,
ज्यांचं नावच उकिरड्यावरून पडलेलं:
आधीची तीन गेली, म्हणून आईनं हे चौथं
कचऱ्यावर टेकवलं आणि परत उचललं.
तांडापेठेत जन्मभर माग, करवती काठ.
ग्रंथ नाही, मंत्र नाही, गंडा नाही.
कोणी पायाशी वाकला की म्हणत,
"खाली गेलाच आहेस तं ते कांडी दे बाप्पा इकडे."

वामनरावांकडे उपदेश आहेत. एकशे आठ, छापील.
एवढं ते बोलले कधी, मी विचारलं.
"बोलले नसते का, वेळ असता तं?"
मी पेन्सिल पर्समध्ये ठेवली.

मग मोमिनपुरा. जहूरभाई रंगारी,
नखांच्या कडेला अजून नीळ.
"मी कशाचा चेला, बाई?
कर्फ्यूत सात दिवस त्याच्या मागाच्या खड्ड्यात झोपलो,
तो वर बसून विणायचा, पोलीस दारातून पाहून जायचे.
एवढंच."
उठताना मला जिन्याखालची एक खोली दिसली,
खाट, सुरई, धुतलेली चादर.
कोण राहतं?
"कोणी नाही. भाड्यानं नाही देत ते.
कोणाला लागली तं."

गोळीबार चौकात मनकर्णाबाई हेडाऊ,
चौऱ्याऐंशी, कान गेले, गुडघे गेले.
बुवा काय म्हणायचे, मी ओरडून विचारलं.
समोरच्या दुकानातला पोरगा हसला.
"काही नाही म्हणत. धागा तुटला की माग थांबवत.
शेठ ओरडे, गिऱ्हाईक दारात उभं,
तरी थांबवत. सांधत. मंग पुढं."
आणि?
"आणिक काय? तेवढंच करून राहिले."

एकोणतीस वर्षं ही बाई मेयोत जाते,
ज्यांच्या खाटेपाशी कोणी नाही, त्यांच्यापाशी बसते.
हे तुम्हाला सांगितलं कोणी?
तिला प्रश्नच कळला नाही.
मग बऱ्याच वेळानं, तांदूळ निवडता निवडता:
बुवा गेले त्या रात्री शेजारच्या खाटेवर
विशीतलं पोरगं होतं, कण्हत, एकटं.
बुवांनी मानेनंच खुणावलं, तिकडे जा.
"मंग मी तिकडे. पाणी पाजून राहिली होती त्याले.
मागं वळले तं इकडे सारं झालेलं."
म्हणजे शेवटच्या क्षणी तिची गुरूकडे पाठ होती.
चरित्रात हे कुठे बसवावं?
खडा सापडला, तिनं तो बाजूला ठेवला.

"आज माझं जाणं होत नाही, माय.
अकरा नंबरचा वार्ड. साखर जास्त आहे, सांगशील."
थर्मास माझ्या मांडीवर.
नाही म्हणायला हवं होतं. तिला ऐकू आलं नसतं.

मे महिना. सेंट्रल अव्हेन्यूचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
खाट तेवीस, भंडाऱ्याकडचा माणूस, ओठ फुटलेले.
"तुम्ही कोणाच्या?"
आयुष्यभर मी प्रश्नचिन्हं जागच्या जागी लावली.

पर्समध्ये फोन थरथरत होता,
वामनराव असणार, मजकूर झाला का.
थर्मासचं झाकण अडकलेलं. मी पदरानं धरून पाहिलं.
मग त्यानंच सलाईनचा हात पुढे केला,
त्यानं बूड धरलं, मी झाकण,
आणि दोघांनी उलट्या दिशेनं पिळलं.