काउंटर एकशे सत्तेचाळीस

रविवारी पहाटे पाचला ह्रेलिचच्या बाजारात
सावा नदीचं धुकं अजून गुडघ्याएवढं असतं.
विकणारे टॉर्च लावून माल मांडतात
आणि आम्ही त्याच उजेडात एकमेकांचे हात बघतो:
कोण कशाला शिवलं.

टायर, नळ, दातांची कवळी, कुठल्याशा जनरलचा फोटो,
आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यात, बुटांच्या खोक्यात, तो.
काळा. शाळेच्या पाटीहूनही लहान.
रबरी बटणं चघळलेल्या खोडरबरासारखी.
‘चालतो?’
‘चालायचा,’ म्हातारा म्हणाला,
आणि त्या भूतकाळाचे पाच युरो कमी केले.

ल्येरकाने मोजणं सोडलंय, असं ती सांगते.
‘एकतिसावा,’ मी म्हणालो.
‘चौतिसावा,’ ती म्हणाली.
बाल्कनीत आधीचे तिघे उन्हात पडले होते,
पार्लरवालीकडचं पेरॉक्साइड अंगाला चोपडून,
सिगारेटी ओढून पिवळे पडलेले काका
समुद्रावर पडतात तसे.

पाच स्क्रू. आत धूळ, एक मेलेला कोळी,
पोट फुगलेले दोन कपॅसिटर. ते बदलले.
माझा पहिला म्युनिकहून आला होता
मावशीच्या बॅगेत, स्वेटरच्या बाहीत निजून.
कस्टमवाल्याने विचारलं, काय आहे?
‘स्वयंपाकघरातला वजनकाटा,’ ती म्हणाली,
आणि त्यावर त्याला खारवलेलं मांस मोजून दाखवायलाही तयार झाली.

तेव्हा प्रोग्राम रेडिओवरून यायचे.
निवेदक घसा खाकरून म्हणायचा, टेपरेकॉर्डर तयार ठेवा,
आणि मग तीन मिनिटं नुसती किंचाळी;
देशभरातल्या आया एकदम दारं लावून घ्यायच्या.
(त्या देशाचं नावही आता
लेबल खरवडावं तसं खरवडलेलं.)

खोक्यात एक कॅसेट होती. पेन्सिलीने लिहिलेलं: चंद्र, ३.
लावली. लाल पट्टे, आकाशी पट्टे,
मग पिवळे-निळे, वरून खाली चित्र उमटू लागलं,
अर्धा चंद्र आला
आणि थांबला.
पुन्हा लावली. तिथेच. काउंटर एकशे सत्तेचाळीस.
हेडचा स्क्रू केसभर फिरवला, कापसाने पुसलं,
शिव्या दिल्या. तिथेच.

ओसियेकहून व्येकोस्लाव फोनवर म्हणाला,
माझ्याकडे स्वच्छ प्रत आहे, पाठवतो,
चार मिनिटांत चंद्रावर उतरशील.

रात्री वायर काढली आणि नुसतं ऐकलं.
किंचाळी. किंचाळी. मग तिच्या आत
खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि शेजारच्या खोलीतून एक बाई:
‘गोरदान, सूप गार होतंय.’
त्यावर पोराचं दातांतून निघालेलं शूऽऽ.

रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली कॅसेट.
यंत्राला शून्य कळतं, एक कळतं.
सूप कळत नाही.

किती रात्री लावली असेल त्याने ही,
आईला काय काय बोलला असेल.
पण कॅसेटच्या कडेचे दोन्ही टवके मोडलेले आहेत,
तिच्यावर कुणालाही परत काही भरता येऊ नये म्हणून.
ते कधी मोडले? त्याच आठवड्यात,
की फार नंतर, घर रिकामं करताना?

पुढच्या रविवारी विचारायला गेलो.
म्हाताऱ्याच्या जागी एक पोरगा
मोबाइलची कव्हरं विकत होता.

व्येकोस्लावची प्रत आली. चाललीही.
तिसऱ्या खेपेला उतरलो, टाकीत थेंबभर इंधन.
खालची जमीन चौकटी-चौकटींची, झेंडा दोन रेघांचा.
बरं वाटलं. बंद केलं.

मग ती दुसरी लावली.
लाल, आकाशी, पिवळं, निळं.
आतून ल्येरकाने हाक मारली.
‘आलो,’ म्हणालो, आणि काउंटरकडे बघत राहिलो:
एकशे चव्वेचाळीस,
पंचेचाळीस