उलटा वीरगळ

शुक्रवार पेठेत, झेरॉक्सच्या दुकानामागच्या बोळात
कात्रजच्या जुन्या नळाचा एक उच्छ्वास आहे.
त्यात मला सोडलं, कमरेला दोर बांधून.
"हुलगव्वा, तूच मावशील," रायरीकर साहेब म्हणाले.
बारा फूट गाळ. फुटाला दर ठरलेला.

त्याआधी मी टाकी लावायचे.
पाटा, जातं, वरवंटा.
पेठापेठांतून ओरडत जायचे, टाकीये, टाकी!
मग घरोघर मिक्सर आले
आणि माझी हाक पहिल्या मजल्यावरसुद्धा पोचेना.

गाळाखाली दगड लागला.
ठोकून बघितला. भरीव दगड कसा बोलतो, पोकळ कसा,
हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळतं.
हा पोकळ होता.
आणि त्यानं ठोका परत केला.

दगड सरकला. दीड वितीचा म्हातारा,
दाढीत काळी पूड, कानामागं छिन्नी.
मान वर करून बघत होता माझ्याकडं.
वर!
जन्मभर बुटकी म्हणवून घेतलेल्या मला
त्या मानेचं काय करावं कळेना.

"वाक," म्हणाला.
वाकले. मग रांगले. गेरूचा लाल पट्टा ओलांडला,
तिथं पुणं संपतं.
रिक्षांची घरघर डोक्यावर
झाकण ठेवलेल्या आमटीसारखी.

आणि समोर तो.
एका अखंड काळ्या पाषाणात, पुरुषभर,
म्हणजे त्यांच्या चौदा पुरुषभर उंच.
वीरगळच. पण आमच्या गावच्या मारुतीपुढं आहे तो
खालून वर वाचतात:
खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर कैलास.
"आमचा वरून खाली," म्हातारा म्हणाला.
"वर काय आहे? वरून तर छत पडतं."

खरंच, वरच्या पट्टीत छत पडत होतं.
एक जण हात टेकून थांबवत होता
आणि बाकीचे पळत होते.
मधल्या पट्टीत अप्सरा नव्हत्या.
चौघे होते, दातांत दिवा धरलेले, हातांत त्याला धरलेले.
तळाशी नुसतं पाणी. थंड. एकही हातोडा नाही.
तो त्यांचा कैलास.

माथ्यावर चंद्रसूर्यही नव्हते. कधी बघितलेच नाहीत त्यांनी.
तिथं एक पणती, एक थेंब.
जोवर दिवा, जोवर ठिबक.

"नावं कुठायत?" मी विचारलं.
म्हातारा हसला. एका पट्टीवर ठोकलं: टण्.
शेजारच्या पट्टीवर: टण् टाक्.
ज्याचा जसा हात चालायचा, तसा त्याचा दगड वाजतो.
तीनशे जण वाजवून दाखवले त्यानं.
एकदाही चुकला नाही.

मग म्हणाला, "तुमचे कुठं आहेत?"

मला आठवल्या घाटाच्या पायऱ्या,
देवळांचे उंबरे, पुलाच्या कमानी, बंगल्यांची जोती.
ज्यांनी बांधायला पैसे दिले त्यांची संगमरवरी पाटी.
आमचे? आमचे काय,
"दगडात आहेत," म्हटलं. "पण वाजत नाहीत."

तो काही बोलला नाही.
कोपऱ्यातल्या एका कोऱ्या पट्टीवरची धूळ बाहीनं पुसली
आणि छिन्नी माझ्याकडं धरली, मुठीकडून.

माझा बाप तिम्मण्णा. वाघोलीची खाण.
सुरुंग उडाला नाही म्हणून बघायला गेला, तेव्हा उडाला.
पंचनाम्यात लिहिलं: एक इसम.
त्याचा हात असा चालायचा:
दोन बारीक, एक मोठा,
मग खोकला येईपर्यंत थांबायचा,
मग परत दोन बारीक.
तसं ठोकलं मी. रडू आलं नाही, लाज वाटली,
मधली खोक कशी ठोकायची?

"ती रिकामी सोड," म्हातारा म्हणाला.
"रिकामी जागा सगळ्यांत अवघड. ती आम्ही कोरू."

वर ओढून घेतलं तेव्हा साडेचार वाजले होते.
"काय होतं आत?"
"गाळ."
साहेबांनी लिहून घेतलं: बारा फूट.

आता त्या बोळातून जाताना
चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून मी खाली बसते.
लोखंडी झाकणावर दोन बारीक, एक मोठा.
थांबते.
मागून स्कूटरवाला हॉर्न देतो, शिव्या देतो.
खालून येतं:
दोन बारीक, एक मोठा,
आणि मग, बरोबर खोकल्याएवढं,
काहीच नाही.