भिंतीवर नसलेलं मेंढरू

शाळा मार्चमध्ये उघडते,
म्हणून भिंतीवरचं वर्षही मार्चपासूनच सुरू होतं :
पुठ्ठ्याची दहा मेंढरं, महिन्याला एक,
पाठीवर खरी लोकर, पोटावर नावं नि तारखा.
उरुग्वेच्या उत्तरेला, ताक्वारेम्बोच्या माळावर
या शाळेत मुलं सहा.
शिकवायला मी, रांधायला नेल्ली,
आणि घंटेखाली झोपणारा एक कुत्रा, जो कुणाचाच नाही.

ज्याचा वाढदिवस, त्याने त्या दिवशी घंटा वाजवायची.
पांढऱ्या झग्यावरची निळी फीत सोडून
मी शिवलेली लाल बांधायची, माझ्या खुर्चीत बसायचं,
आणि मग सगळ्यांनी रांगेने येऊन
जितकी वर्षं तितक्यांदा त्याचा कान ओढायचा.
एरवी कान धरला तर तक्रार घरापर्यंत जाते;
या एका दिवशी पोरं कान पुढे करून बसतात,
डोळे मिटून, मोठ्याने मोजत.

फाउस्तो मोजण्यात पक्का.
सगळ्यांचे कान त्याने ओढले होते, बेताने,
बाटलीने दूध पाजताना कोकराचा धरावा तसे.
जूनमध्ये एकदा, थंडीने बोटांची लाकडं झालेली असताना,
तक्त्यासमोर उभा राहून त्याने विचारलं,
"बाई, जानेवारीचं मेंढरू कुठे चरायला गेलं?"

मला काही सुचेना.
जानेवारीत शाळेला कुलूप असतं.
गवत पिवळं पडलेलं, त्याचा बाप
दुसऱ्यांच्या कुंपणाच्या तारा ताणत कुठेतरी लांब,
आणि तेवीस तारीख येते नि जाते
बावीस-चोवीसच्या मधून, अंग चोरून.
"तुला हवा तो दिवस घे," मी म्हटलं, "उसना."
तीन दिवस त्याने विचार केला.
मग सांगितलं, सतरा ऑगस्ट.
का? तर त्या दिवशी कुणाचंच काही नसतं.

सोळाच्या रात्री ओढा चढला.
पलीकडची चार मुलं पलीकडेच राहिली.
ब्रायनला गालगुंड.
घोड्यावरून फाउस्तो तेवढा आला,
नीट भांग पाडलेला, पावसाने पुसलेला.
वर्गात सहा बाकं, नेल्लीचा केक,
आटवलेल्या दुधाचे दोन थर,
आणि टाळ्यांना मोजून दोन माणसं.
"ओढू का कान?" मी विचारलं.
तो केककडे बघत राहिला, मग दाराकडे.
"उद्या करू," म्हणाला. "एकदा हलवलेला दिवस
आणखी एकदा हलवता येतो ना?"
आणि गणिताची वही उघडून बसला.

केक नेल्लीने चाळणीखाली झाकला,
चाळणीवर दगड, कुत्र्याच्या धाकाने.
दुसऱ्या दिवशीही ओढा उतरला नाही.
तिसऱ्या दिवशी उतरला.

एकोणीस तारखेला, कडेने वाळलेल्या केकवर
आठ मेणबत्त्या आणि एक मोडून अर्धी.
"साडेआठ," त्याने बजावलं, "फसवायचं नाही."
अर्धा कान कसा ओढायचा यावर बराच वाद झाला.
मायतेचा निकाल : शेवटचा नुसता स्पर्श.
चार मुलं, नेल्ली आणि मी.
हिशेब त्यानेच केला, डोळे मिटूनच : एकावन्न.
आणि ब्रायनकडे साडेआठ बाकी,
तेही त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.

संध्याकाळी घोड्यावर चढताना मी म्हटलं, टोपी घाल,
वारा सुरीसारखा आहे.
त्याने टोपी खिशात कोंबली.
माळावर दूरवर, कुंपणाच्या शेवटच्या खांबापर्यंत
ते दोन लाल कान मला दिसत होते.