आटे

चावी म्हणजे कुलपाची नव्हे.
चार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ,
खाली चौकोनी तोंड.
वाजेदचाचांनी ती माझ्या खांद्यावर दिली. म्हणाले, तोलून बघ.
एकतीस वर्षांत हिचे कोपरे झिजले,
माझेबी.

मला एजन्सीनं अकरा महिन्यांवर घेतलंय.
ऑफिसातल्या नकाशात लातूर रिंगरोडलाच संपतं.
पलीकडचं सगळं चाचांच्या गुडघ्यात आहे,
कुठं वाकायचं, किती आटे सोडायचे.
मी वही काढली तर हात धरला.
लिहू नको पोरा,
लिहिलं की नगरसेवकाला वाचता येतंय.

श्रीनिवास विहारातला व्हॉल्व्ह सापडेना.
दिवाळीत सिमेंटचा रस्ता झाला,
उद्घाटनाचा नारळ नेमका त्याच्यावर फुटला असणार.
चाचा चपला काढून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले,
तळव्यांनी ऐकत.
दोन पावलं सरकले. इथं.
आता ती गल्ली तशीच राहील,
दिवाळीला जेवढी उघडी होती तेवढीच उघडी.
काय बघलालास, म्हणाले. चल.
तलाव आटला की माणसं आभाळाकडं बघतात,
आपल्याकडं नुसते आटे.

ट्यूशनच्या भागात पाच मजली हॉस्टेल.
एकशे साठ पोरी, डॉक्टर व्हायला आलेल्या,
किनवटच्या, पाथरीच्या, एक थेट गडचिरोलीची.
इथं सात आटे.
रविवारी साडेसात, कारण रविवारी केस धुतात.
हा अर्धा आटा कुठल्या जीआरमध्ये नाही,
कुणी पाकीटही दिलेलं नाही त्याचं.
चाचांना तीन मुली, तिघी शिकल्या, एवढंच.
तो अर्धा शेवटच्या टोकाच्या वाट्यातून जातो.
शेवटचं टोक म्हणजे गट नंबर एकशेचौदा.
मी तिथंच राहतो, हे मी चाचांना सांगितलं नाही.

एकशेचौदात आधी तूर होती,
मग दोन वर्षं काहीच नव्हतं,
मग फक्कीच्या रेघा, पांढरे दगड आणि कमान,
तुळजाई सिटी.
कमान उभी आहे, सिटी अजून आत शिरायची आहे.
ओढ्यालाही प्लॉट नंबर पडला, सत्तावीस.
भादव्यात तो आपली जागा मागायला येतो
आणि भानुदास मुसळेच्या पलंगाखाली
रात्रभर बसून राहतो.
आमचा तेवीस, पंधरा बाय वीस, शंभराच्या बॉंडवर.
गेल्या साली गुंठेवारी नियमित झाली,
आधी पट्टी आली, मागून मीटर.
आई दहाव्या दिवशी नळाखाली घागर ठेवते,
घागरीच्या तोंडावर तळहात ठेवून तिथंच आडवी होते.
पाण्यानंच उठवावं तिला.
मोबाइलच्या गजरावर तिचा विश्वास नाही.

चाचा रिटायर झाले शुक्रवारी,
हार, शाल, एक स्टीलचा डबा.
रविवारी मी एकटा.
रात्री अडीचला हॉस्टेलच्या गेटाआड
एक पोरगी वही घेऊन येरझारा घालत होती,
पाठ करत होती रक्ताचा रस्ता,
कुठल्या कप्प्यातून कुठं जातं.
मला बघून थांबली. काका, आज येणार ना?
मी तेवीस वर्षांचा आहे.

चेंबरचं झाकण सरकवलं, चावी बसवली.
पाच. सहा. सात.
मग झिजलेला कोपरा घसरला,
दांडा हातात रिकामा फिरला,
आणि मला खरंच कळलं नाही
की तो शेवटचा अर्धा फिरला की नुसता माझा हात.
परत लावून बघता आलं असतं.
नाही बघितलं.

घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले असतील.
आई तशीच झोपलेली, घागरीवर हात.
नळातून तिच्या तळहातावर फुस्स आवाज येत होता,
नुसती हवा, गार.
मी उठवलं नाही.
वर मीटरचा काटा फिरत होता.
हवेनंही फिरतं ते,
हे चाचांनी सांगितलं नव्हतं.